आवाज यंत्राचा आणि खोलीचा



एके काळी आपल्या घरात आवाजाचे यंत्र म्हणजे एक रेडिओ असे. तो फळीवर ठेवला, त्यावर विणलेला रुमाल घातला, की काम झाले. आता अलिबाग, नागाव, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या सगळ्या पट्ट्यात नारळीपोफळीच्या वाडीतल्या घरांतूनही भिंतभर टेलिव्हिजन आले आहेत, आणि त्यांच्या पाठोपाठ 'होम थिएटर' नावाची वस्तू आली आहे. समोर तीन स्पीकर, मागे किंवा बाजूंना दोन, आणि खर्जासाठी एक वेगळा जाडजूड डबा, अशी ही सहा जणांची पंगत असते. मुंबईला नोकरी करणारा मुलगा गणपतीला गावी येतो, येताना हौसेने संच घेऊन येतो, तारा जोडतो आणि सिनेमा लावतो.

आणि मग काय होते? दुकानात जो आवाज कसा मोकळा, स्वच्छ वाटला होता, तो घरी घुमू लागतो. स्फोट झाला, ढोल वाजला की खिडक्यांची तावदाने थरथरतात. पण नायक नायिकेला काय म्हणाला ते मात्र कळत नाही. आजोबा म्हणतात, "अरे, जरा आवाज वाढव." शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणतात, "अहो, जरा कमी करा." मुलगा म्हणतो, यंत्रच खराब लागले. पुष्कळदा यंत्र निर्दोष असते. दोष असतो तो आणखी एका वाद्याचा, जे कोणी विकत आणलेले नसते आणि तरीही प्रत्येक सुरात आपला सूर मिसळत असते. ते वाद्य म्हणजे ती खोली.

जागा आवाजाचे काय करू शकते, याची दोन उदाहरणे आपल्या परिचयाची आहेत. रायगडावर नगारखान्यापाशी हळू उच्चारलेला शब्द राजसदरेवर सिंहासनाच्या चौथऱ्यापाशी ऐकू येतो, असे गड पाहणाऱ्यांना आवर्जून दाखवले जाते. उलट विजापूरच्या गोलघुमटात जा. आतून सुमारे ३८ मीटर व्यासाचा तो घुमट. त्याच्या सज्जात एकदा टाळी वाजवली की ती पुनःपुन्हा परत येते. मुलांना मोठी मौज वाटते. पण त्याच घुमटाखाली उभे राहून कोणी अर्धा तास व्याख्यान देऊ लागला, तर एका वाक्याची शेपटी दुसऱ्या वाक्याच्या तोंडात जाईल आणि श्रोत्यांच्या हाती काही लागणार नाही. एक जागा शब्द पोचवते, दुसरी जागा शब्द बुडवते. आपल्या घरातली खोली या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असते.

हे घुमणे मोजता येते, आणि ते प्रथम कसे मोजले गेले याची कथा शिक्षकबंधूंनी वर्गात सांगावी अशी आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली एक नवे व्याख्यानगृह बांधून झाले. पण त्यात बोललेले कोणाला कळेना. तेथील एक तरुण पदार्थविज्ञान-शिक्षक वॉलेस सेबाइन यांच्याकडे हे काम सोपवले गेले. त्यांच्याजवळ आजच्यासारखी यंत्रे नव्हती. ऑर्गनची एक नळी, एक घड्याळ आणि स्वतःचे कान, एवढीच सामग्री. रात्री सगळे शांत झाले की ते नळी वाजवून बंद करीत आणि आवाज पूर्ण विरायला किती वेळ लागतो ते मोजीत. रिकाम्या सभागृहात तो वेळ भरला साडेपाच सेकंदांच्या आसपास! मग त्यांनी जवळच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या आणवल्या. थोड्या गाद्या मांडायच्या, मोजायचे. आणखी मांडायच्या, पुन्हा मोजायचे. जसजशा गाद्या वाढल्या तसतसा आवाज लवकर विरू लागला. यातूनच एक साधा नियम निघाला: खोलीचे घनफळ जितके जास्त तितके घुमणे जास्त, खोलीतील वस्तू आवाज जितका गिळतील तितके घुमणे कमी. या नियमाच्या आधारे आखलेले बॉस्टन शहरातील सिंफनी हॉल १९०० साली सुरू झाले, आणि आजही ते जगातल्या उत्तम सभागृहांत गणले जाते.

सेबाइन यांनी आवाज गिळण्याचे जे माप वापरले, ते मोठे गमतीचे आहे: उघडी खिडकी. उघड्या खिडकीतून आवाज बाहेर गेला तो गेलाच, परत येत नाही. म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक एकक. गुळगुळीत गिलाव्याची भिंत येणाऱ्या आवाजाचा शंभरातला दोन-तीन भागच गिळते. बाकीचा परत फेकते. उलट जाड, चुणीदार पडदा निम्म्यापर्यंत गिळू शकतो.

आता आपल्या कोकणातल्या घराकडे पाहा. जुन्या कौलारू घरात उतरते छप्पर, कौलांच्या फटी, उघडी पडवी, कोपऱ्यात रचलेल्या वळकट्या, भाताच्या कणग्या, आणि माणसांचा राबता. त्या घरात आवाज घुमायला जागाच मिळत नसे. नवे घर पाहिले तर वर सिमेंटचा स्लॅब, खाली चकचकीत फरशी, चारी बाजूंना गुळगुळीत भिंती, सरकत्या काचेच्या खिडक्या. सामान बेताचेच. दिसायला सुंदर, झाडायला सोपे. पण आवाजाच्या दृष्टीने तो एक रिकामा हंडाच. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा असंख्य घरांची आणि शाळांची छपरे उडाली. कित्येक ठिकाणी कौलांच्या जागी पत्रे आले, काही ठिकाणी स्लॅब पडला. छप्पर भक्कम झाले हे उत्तमच झाले. पण छपराबरोबर घराचा आवाजही बदलतो, हे मात्र कोणाच्या ध्यानात आले नसेल.

झाली घुमण्याची गोष्ट. खोलीची दुसरी खोडी खर्जाच्या बाबतीत असते, आणि ती समजावी म्हणून आपण क्षणभर बंदराच्या धक्क्यावर जाऊ. लाट येते, धक्क्याच्या भिंतीवर आपटते आणि उलटी फिरते. येणारी लाट आणि परतणारी लाट यांची गाठ पडली की काही ठिकाणी पाणी नुसते वरखाली उसळत राहते आणि काही ठिकाणी ते जवळजवळ स्थिर दिसते. खोलीत नेमके हेच होते. आपल्या किनाऱ्यावरच्या उष्म्यात आवाज सेकंदाला सुमारे ३४८ मीटर धावतो. खोली पाच मीटर लांब असेल, तर जी लाट तिच्या लांबीत नेमकी अर्धी मावते तिची कंपनसंख्या येते सुमारे ३५. चार मीटर रुंदीला ४३ ते ४४, आणि तीन मीटर उंचीला ५८. या ठरावीक सुरांवर, आणि त्यांच्या पटीतल्या सुरांवर, खोली स्वतःच गाऊ लागते. भिंतीलगत तो खर्ज दुप्पट वाटतो. खोलीच्या नेमक्या मध्यावर लांबीचा पहिला सूर जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून एकाच सोफ्यावर बसलेले दोघे जण भांडतात. एक म्हणतो खर्ज फार आहे, दुसरा म्हणतो मुळीच नाही. आणि मौज अशी की दोघांचेही खरे असते.

तिसरी गोष्ट अंतराची. आवाजाला एक मीटर जायला सुमारे तीन सहस्रांश सेकंद लागतात. उजवा स्पीकर दोन मीटरवर आणि डावा साडेतीन मीटरवर असला, तर उजव्याचा आवाज आधी पोचतो. आणि कानाचा स्वभाव असा की जो आधी पोचला, तिकडूनच सगळे आले असे तो मानतो. मग डावीकडचा स्पीकर वाजत असूनही नसल्यासारखाच.

या सगळ्यावर अलीकडे जो इलाज निघाला आहे, त्याला खोलीची दुरुस्ती म्हणतात. नाव मोठे आहे. पण भिंत कोणी पाडत नाही की गिलावा करीत नाही. चांगल्या संचाबरोबर एक छोटासा मायक्रोफोन मिळतो. तो आपण बसतो तिथे ठेवायचा. यंत्र एकेका स्पीकरमधून अगदी खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत चढत जाणारा आवाज सोडते. सोडलेला आवाज यंत्राला ठाऊक असतो. पोचलेला आवाज मायक्रोफोन सांगतो. या दोहोंतला फरक म्हणजे स्पीकर आणि खोली यांनी मिळून केलेली कारागिरी. तो फरक ओळखून यंत्र हिशेब मांडते. जवळच्या स्पीकरला किंचित थांबवते, म्हणजे सगळ्यांचा आवाज एकाच वेळी पोचावा. मोठ्याला लहान करते, लहानाला मोठे करते. आणि ज्या सुरावर खोली फुगून गात असेल तो सूर आधीच तेवढा दाबून सोडते. मैफिलीपूर्वी गवई त्या जागेत बसून तंबोरा लावतो ना, तसेच हे संचाला जागेवर लावून घेणे आहे.

मात्र मोजमाप करताना सभोवार शांतता हवी. हे अलिबागकरांना निराळे सांगायला नको. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या विद्युत्प्रवाहाने चुंबकीय मोजमापे बिघडतील म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचे चुंबकीय काम १९०४ साली अलिबागला आणले गेले. चुंबकीय गुण नसलेल्या साहित्याने तेथील इमारती बांधल्या. मुंबईत विजेची ट्राम धावली ती १९०७ साली. म्हणजे गडबड सुरू होण्यापूर्वीच माप घेणारे दूर निघून आले! आपल्याला गाव सोडायचे कारण नाही. पंखा, फ्रीज, पाण्याचा पंप एवढे दहा मिनिटे बंद ठेवले तरी पुरे. पत्र्यावर पाऊस वाजत असताना तर मोजूच नये. मायक्रोफोन हातात धरू नये, सोफ्याच्या पाठीला टेकवू नये. कॅमेऱ्याच्या तिकाटण्यावर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवावा. एकाच जागी मोजून थांबू नये. मधल्या जागेपासून सुरुवात करून, वीतभर-हातभर सरकवीत सहा-आठ ठिकाणी माप घ्यावे. नाहीतर एका माणसाचे कान तृप्त होतील आणि बाकीचे उपाशी राहतील.

आता तुम्ही म्हणाल, यंत्रच जर सगळे करते, तर मग काळजी कसली? इथेच सावध राहायला हवे. खोली जिथे उंचवटा करते, तो यंत्राला कापता येतो. पण जिथे परतणाऱ्या लाटेने सूर पुसूनच टाकला, तिथे यंत्र काय करणार? दहा डेसिबेलचा खळगा भरायचा तर त्या सुराला दहापट शक्ती द्यावी लागते. आणि जितकी जास्त द्याल तितकी परत येणारी लाटही मोठी होते. भोके पडलेल्या घागरीत पाणी ओतण्यासारखेच ते. त्यापेक्षा सोफा दोन फूट पुढे घ्यावा. पैसा एक लागत नाही. तसेच घुमण्याचे. सुटलेला शब्द भिंतीभिंतींवर आपटत फिरू लागला, की जगातले कोणतेही यंत्र त्याला परत बोलावू शकत नाही. तीन-चारशे कंपनांच्या खालच्या खर्जात या दुरुस्तीचा मोठा उपयोग होतो. त्याच्या वर, जिथे शब्दांची स्पष्टता असते, तिथे खोलीची मशागत आपल्यालाच करावी लागते.

तेव्हा क्रम असा ठेवावा. आधी जागा, मग कापड, मग मायक्रोफोन, आणि शेवटी कान. बसण्याची जागा खोलीच्या मध्यावर नको आणि मागच्या भिंतीला चिकटूनही नको. मागच्या भिंतीपासून लांबीच्या तिसऱ्या भागावर असली की बहुधा चांगले जमते. खर्जाच्या डब्यासाठी एक युक्ती आहे: डबा तात्पुरता आपल्या बसण्याच्या जागी ठेवावा, खर्जाचे संगीत लावावे आणि आपण भिंतीकडेने ओणवे होऊन हिंडावे. जिथे खर्ज सुटा आणि सारखा ऐकू येईल, तिथे डबा न्यावा. घरातली मुले हसतील, पण मग तीही आपल्या मागून रांगू लागतील. डबा आणि बाकीचे स्पीकर यांची कामाची वाटणी ८० कंपनांपाशी करावी, हा सर्वसाधारण रिवाज आहे.

कापडाच्या बाबतीत मात्र बाजारात बरेच गैरसमज विकले जातात. अंड्यांचे पुठ्ठे, थर्मोकोलचे तुकडे भिंतीला लावून आवाज गिळला जात नाही. त्यापेक्षा आपली जुनी गोधडी बरी! भिंतीपासून चार बोटे पुढे, घड्या सोडून टांगलेली जाड गोधडी, जमिनीवर सतरंजी, खिडकीला जाड पडदा, आणि पुस्तकांचे एखादे भरलेले कपाट, एवढ्याने नव्या घराचा हंडा पुष्कळ शांत होतो. हे सारे झाल्यावर मायक्रोफोन ठेवावा, म्हणजे यंत्राला अशक्य काम सांगितल्यासारखे होत नाही. आणि शेवटी कानाने तपासावे. सिनेमातल्या स्फोटाने नव्हे, तर ओळखीच्या माणसाच्या साध्या बोलण्याने. बातम्या लावाव्या. शब्द न् शब्द सहज कळला, तर सूर लागला म्हणायचा.

आजोबांचेही यातच भागते. उतारवयात आधी वरचे सूर ऐकू येईनासे होतात, आणि क, त, प, स यांसारख्या व्यंजनांची ओळख तर त्या सुरांवरच असते. अशा वेळी सगळाच आवाज वाढवला तर खर्जही वाढतो, घुमणेही वाढते, आणि शब्द होते तिथेच राहतात. सिनेमातले संवाद बहुतेक मधल्या स्पीकरमधून येतात. तेवढाच स्पीकर दोन-तीन डेसिबेल वर घ्यावा आणि खर्जाचा डबा थोडा खाली आणावा. आजोबांना संवाद कळतात आणि काकूंना झोप लागते. कारण भिंत ओलांडून शेजारी जातो तो मुख्यतः खर्जच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा घातली आहे, हे गणपतीच्या मंडपात जसे लक्षात ठेवायचे, तसेच घरीही ठेवलेले बरे.

इथवर होम थिएटरचे झाले. पण तो संच घेणारे घर गावात एखादेच असेल. आणि खोली मात्र सर्वांनाच आहे. विशेषतः शाळेला. आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद, साडेतीन मीटर उंच असा एक वर्ग घ्या. घनफळ १६८ घनमीटर. जमीन, छत आणि भिंती मिळून क्षेत्रफळ १९४ चौरस मीटर. सगळे गिलाव्याचे आणि फरशीचे मानले, तर शोषण सहा एककांच्याही आत. सेबाइन यांच्या नियमाप्रमाणे घनफळाला ०.१६१ ने गुणून शोषणाने भागा. उत्तर येते साडेचार सेकंदांच्या वर! प्रत्यक्षात दारे, खिडक्या, बाके असतात, त्यामुळे ते काहीसे कमी भरेल. चाळीस मुले आत आली की ती स्वतःच सुमारे १६ एकके आवाज गिळतात, आणि वेळ सव्वा सेकंदावर येतो. दीड-दीड चौरस मीटरच्या चार खिडक्या सताड उघडल्या की तो एका सेकंदाच्या किंचित खाली उतरतो. एवढ्या वर्गासाठी अमेरिकेतील मानक ०.६ सेकंद मानते. म्हणजे अजून वाट बरीच आहे. आणि ती भिंतीवर टांगलेल्या जाड कापडाने, मऊ फलकांनी काही अंशी चालता येते. सातवी-आठवीच्या मुलांकडून हे गणित जरूर करवून घ्यावे. क्षेत्रफळ, घनफळ, भागाकार, सगळे त्यात आले, आणि उत्तर त्यांच्याच डोक्यावर घुमत असते.

मायक्रोफोन शाळेत नसेल, नसू दे. शिक्षकाजवळ त्याहून जुने मोजमापाचे साधन आहे, ते म्हणजे श्रुतलेखन. फळ्यापाशी उभे राहून, नेहमीच्या आवाजात, एकमेकांसारखे ऐकू येणारे वीस शब्द सांगा. पाट, पाठ, ताट, काठ. साप, ताप, माप, नाप. कोणत्या बाकावर किती चुका झाल्या ते मांडा. मग पुढची मुले मागे आणि मागची पुढे बसवा, आणि दुसरे वीस शब्द सांगा. चुका जर बाकाला चिकटून राहिल्या, तर दोष खोलीचा आहे. खिडक्या उघडा, कापड टांगा, आपण दोन पावले वर्गात पुढे या. चुका जर मुलाबरोबर पुढच्या बाकावर आल्या, तर एकदा त्याचे कान डॉक्टरांकडून तपासून घ्या. आजवर ज्याला आपण 'लक्ष देत नाही' म्हणून दटावत आलो, त्याच्यापर्यंत कदाचित आपला शब्दच पोचत नसेल.